पोराचा कॉम्प्युटर आणि इंजिनाचा गव्हर्नर



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी आणि गुरांच्या चाऱ्याविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. पण हल्ली सोयाबीनचे पैसे हाती आले की लोणार-मेहकर भागातल्या बऱ्याच घरांत एक वाद सुरू होतो, आणि तो माझ्यापर्यंतही येतो. पोरगा कॉलेजात असतो. तो म्हणतो, "मला तयार कॉम्प्युटर नको. सुटे भाग आणून मीच जुळवतो. त्यावर मोठे गेम चालतील आणि पुढे त्याचा वेगही वाढवता येईल." बापाला त्यातले काही कळत नाही. आई म्हणते, एवढ्या पैशात एक गाय आली असती. मग कोणीतरी विचारते, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात. द्यावेत का पैसे?"

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ऐपत असेल तर कॉम्प्युटर जुळवू द्यावा, कारण त्यात पोरगा चार गोष्टी शिकतो. वेग वाढवण्याची मात्र घाई करू नये. आणि या दोन्हींच्या आधी घरातली वीज, उन्हाळ्यातली उष्णता आणि धूळ यांचा बंदोबस्त करावा. असे का, ते आता सविस्तर पाहू.

जुळवणे हे कमीपणाचे काम नव्हे

सुटे भाग जुळवून केलेले यंत्र म्हणजे काहीतरी जुगाड, असा समज असेल तर तो काढून टाकावा. आपल्या वऱ्हाडातलेच उदाहरण घ्या. डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात झाला. अमेरिकेने जास्त ताकदीचा महासंगणक भारताला द्यायचे नाकारले, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि त्या कामाची धुरा भटकरांकडे आली. १९९१ साली त्यांच्या चमूने 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात एकच अचाट वेगाची चिप नव्हती. ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपा एकमेकींना जोडल्या होत्या आणि साऱ्यांना काम वाटून दिले होते.

यातून आपण एवढे घ्यावे की एकाच बैलाला मरेस्तोवर पळवण्यापेक्षा सगळी जोतं नीट जुंपली तर नांगरट लवकर उरकते. घरचा कॉम्प्युटर जुळवतानाही हाच नियम आहे.

कोणता भाग काय करतो

प्रोसेसर हा हिशेब करणारा कारभारी. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचे चित्र काढते. गेमसाठी खरी मेहनत याचीच असते, म्हणून एकूण पैशांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक याच्यावर जातो. रॅम म्हणजे खळे. जेवढे मोठे खळे तेवढा माल एका वेळी पसरता येतो. एसएसडी म्हणजे कणगी, तिथे माल कायमचा साठतो. मदरबोर्डावर हे सगळे भाग बसतात. आणि पॉवर सप्लाय सगळ्यांना वीज वाटतो.

खरेदीच्या वेळी पोराबरोबर या गोष्टी ताडून पाहाव्यात.

पहिली गोष्ट, पाइपाचे आटे जुळावे लागतात तसे प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांचे सॉकेट जुळावे लागते. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही. एकाच कंपनीचे जुने-नवे भागही नेहमी जुळतातच असे नाही.

दुसरी गोष्ट, रॅम एकाच पट्टीत घेण्यापेक्षा दोन सारख्या पट्ट्यांत घ्यावी. १६ जीबी हवी असेल तर ८-८ च्या दोन. जोडीने चालल्या की माल वाहण्याचा रस्ता दुप्पट रुंद होतो. मात्र पट्ट्या बोर्डावरच्या कोणत्या खाचांत बसवायच्या ते पुस्तिकेत लिहिलेले असते, ते वाचूनच बसवाव्यात.

तिसरी गोष्ट, पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये. समजा प्रोसेसर ६५ वॅट घेतो, ग्राफिक्स कार्ड १७५ वॅट आणि बाकीचे मिळून ७० वॅट. बेरीज झाली ३१०. अशा वेळी चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा सप्लाय घ्यावा. विहिरीला पाणी जेमतेम असेल तर मोटार कितीही चांगली असून उपयोग नाही.

चौथी गोष्ट, दिसायला सुंदर म्हणून पुढून काचेने बंद असलेले कॅबिनेट घेऊ नये. पुढे जाळी असलेले घ्यावे. आपला मुलूख उष्ण आहे, यंत्राला वारा लागतो.

भाग कोठून घ्यावेत? अकोला किंवा छत्रपती संभाजीनगरला दुकाने आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा तर सुट्या भागांचा जुना बाजार. या मालाचे भाव आपल्या सोयाबीनसारखेच वरखाली होतात. म्हणून एकाच दिवशी तीन ठिकाणचे भाव लिहून घ्यावेत. प्रत्येक भागाचे जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि डबे माळ्यावर जपून ठेवावेत. हमी प्रत्येक भागाची वेगळी असते आणि बिलाशिवाय ती कोणी मानत नाही.

जुळवताना अंगातली स्थिर वीज चिपेला मारक ठरते, म्हणून नायलॉनचे कपडे घालू नयेत आणि मधूनमधून हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावावा. प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमध्ये जो मलम लावतात तो हरभऱ्याच्या दाण्याएवढा पुरे. बरेच जण जुळवणी पूर्ण करून पडद्याची वायर ग्राफिक्स कार्डात न लावता मदरबोर्डात लावतात आणि मग गेम चालत नाही म्हणून दुकानदाराला बोल लावतात. तेवढे एकदा तपासून घ्यावे.

वेग वाढवणे म्हणजे काय

प्रोसेसरच्या आत एक ठेका असतो. प्रत्येक ठोक्याला थोडे काम होते. ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. कंपनीने नेमून दिलेल्या ठोक्यांपेक्षा ते वाढवणे, यालाच पोरे ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

तुमच्यापैकी ज्यांनी डिझेल इंजिनावर पाणी काढले आहे त्यांना हे चटकन समजेल. इंजिनाला गव्हर्नर असतो. तो पिळला की फेरे वाढतात आणि पाणी थोडे जास्त येते. पण पंपाचा नियम असा की फेरे १० टक्के वाढवले तर पाणी सुमारे १० टक्केच वाढते, इंजिनावरचा भार मात्र ३३ टक्क्यांनी वाढतो. प्रोसेसरचे गणित हुबेहूब असेच आहे. ठोके वाढवले की त्याला व्होल्टेजही जास्त द्यावे लागते. उष्णता ठोक्यांच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर १.१ ला १.१ ने दोनदा गुणा. उत्तर येते १.३३. म्हणजे काम वाढले फार तर दहावा हिस्सा, उष्णता वाढली तिसरा हिस्सा.

एके काळी यात खरोखर मोठा फायदा होता. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा आतला गुणक साडेचार होता आणि बाहेरचा ठेका ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून वेग ३००. लोकांनी बाहेरचा ठेका १०० केला आणि तोच प्रोसेसर ४५० वर धावू लागला. दीडपट वेग आणि वर खर्च जवळजवळ काही नाही! ओव्हरक्लॉकिंगची ख्याती पसरली ती अशा प्रोसेसरांमुळे.

आता दिवस बदलले. आजचे प्रोसेसर थंड असतील तर आपणच वेग वाढवतात आणि तापले की आपणच कमी करतात. म्हणजे गव्हर्नर कारखान्यातच पुष्कळसा पिळून येतो. वर हाताने मिळते ते थोडेच. शिवाय एकाच पिशवीतले बी सारखे उगवत नाही, तसे एकाच नावाचे दोन प्रोसेसर सारखा वेग पेलत नाहीत. मित्राचा जेवढा चालला तेवढा आपला चालेलच असे नाही. आणि वेग वाढवल्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही, असे प्रोसेसरच्या कंपन्या लिहूनच देतात.

व्होल्टेज जास्त झाले तर काय होते याचे मोठे उदाहरण २०२४ सालचे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले काही प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागत राहिले आणि आतून झिजू लागले. लोकांचे कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागले. कंपनीला दुरुस्तीचा प्रोग्राम द्यावा लागला आणि हमी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पोराने या पिढीतला प्रोसेसर घेतला असेल तर बोर्डाचा बायोस नवा करून घेणे हे पहिले काम समजावे.

जगात याच्या शर्यतीही लागतात. २०२२ साली असा एक प्रोसेसर द्रव हेलियमच्या थंडाईत ९ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला गेला. अशा शर्यतींतली नेहमीची थंडाई कोणती? द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा! गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या डब्यात ठेवतात, त्यातला तोच. तो विक्रम थोड्या वेळापुरता असतो. त्याला पाहून घरच्या यंत्राचा वेग ठरवू नये. शंकरपटातला बैल वेगळा आणि औताचा बैल वेगळा.

सुलतानपुरातले एक घर

आता प्रत्यक्ष घडलेले सांगतो. सुलतानपुरातल्या एका घरी पोराने दिवाळीत कॉम्प्युटर जुळवला. हिवाळाभर उत्तम चालला, म्हणून त्याने वेग वाढवला. एप्रिल लागला आणि यंत्र दुपारी एकाएकी बंद पडू लागले. पोरगा म्हणे दुकानदाराने फसवले. वडील म्हणत, पैसे पाण्यात गेले. बापलेकांचे बोलणे बंद झाले. मी गेलो होतो बियाण्याची उगवण तपासायला, पण त्या घरात आधी हाच विषय निघाला. जाता जाता आई म्हणाली, "साहेब, त्या डब्यावर फडकं मारायला गेलं की हाताला मुंग्या येतात."

ते ऐकून मी आधी वायरमनला बोलवायला सांगितले. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होता आणि तार गंजून तुटली होती. पॉवर सप्लायच्या गाळणीतून थोडीशी वीज नेहमीच धातूच्या डब्याकडे गळत असते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत निघून जाते. नसेल तर डब्यावर थांबते आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. एवढ्याने मुंग्याच येतात. पण उद्या आत खरा दोष झाला, तर हीच तुटलेली तार जिवावर बेतते. त्या घरात सगळ्यात मोठा धोका पैशाचा नव्हताच, त्या माउलीच्या जिवाचा होता.

बाकीची कारणेही साधी निघाली. कॅबिनेट लाकडी कपाटाच्या कोनाड्यात ढकलले होते. पुढच्या जाळीवर मळणीच्या धुळीचा थर बसला होता. वाढवलेला वेग हिवाळ्यात पेलत होता. पण कूलर म्हणजे काही बर्फ नव्हे, तो खोलीच्या हवेनेच थंड करतो. जानेवारीत खोली २५ अंशांवर होती, एप्रिलच्या दुपारी ४० वर गेली. म्हणजे कोणी काही न करता प्रोसेसरचे तापमानही तितकेच, १५ अंशांनी चढले. साधारण ९५ ते १०० अंशांवर प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी हळू होतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर बंद पडतो. दुकानदाराचा दोष नव्हता आणि भागही चांगले होते.

वायरमनने नवी अर्थिंग केली. पोराने धूळ काढली, कॅबिनेट मोकळ्या जागी मांडले आणि वेग मूळ जागी आणला. त्यानंतर भर मे महिन्यातही ते दुपारी चालले.

घरात आधी काय करावे

अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत जावे. अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रलची तारच अर्थिंगला जोडण्याचा उपाय काही जण सांगतात, तो जीवघेणा आहे. ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी मीटरजवळ बसवावा. तो कॉम्प्युटरच नव्हे, माणसेही वाचवतो.

मोटारी सुरू झाल्या की ज्या घरातला दिवा मंदावतो, तिथे यूपीएस हवाच. तो मोठ्या वेळेसाठी नसतो. काम जपून ठेवून नीट बंद करता यावे एवढी पाच-दहा मिनिटे तो देतो. यूपीएसवर व्हीए लिहिलेले असते, पण पाहायचे असतात ते वॅट. घरातला जुना चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर अशा पॉवर सप्लायला मानवेलच असे नाही. साइन लहरीचा घ्यावा.

वीज कडाडू लागली की प्लग काढावा, इंटरनेटची तारही काढावी. मळणीच्या दिवसांत कॅबिनेटवर कापड टाकून ठेवावे, मात्र चालू असताना टाकू नये. महिन्यातून एकदा बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून हवेने धूळ उडवावी. मागच्या पट्ट्यांच्या भोकांना झाकणे बसवावीत, नाहीतर पालीला आणि उंदराला ते ऊबदार घरच वाटते.

विजेचा खर्चही पोराला काढायला लावावा. ४०० वॅट खेचणारे यंत्र अडीच तासांत एक युनिट खाते.

तरीही वेग वाढवायचाच असेल तर

शिकण्याची हौस मारू नये, तिला रीत लावून द्यावी. ती अशी.

आधी काही न बदलता आठवडाभर तापमान वहीत लिहावे, सकाळचे आणि दुपारचेही. मग रॅमकडे पाहावे. रॅमच्या डब्यावर जो वेग छापलेला असतो तो बहुधा आपोआप लागत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची खूण चालू करावी लागते. हेही एका अर्थी वेग वाढवणेच आहे, पण रॅमच्या कंपनीने स्वतः तपासून दिलेले. पडदाही १४४ हर्ट्झचा घेऊन ६० वर चालू ठेवलेला असतो, तो तपासावा. एवढ्यानेच पुष्कळांचे समाधान होते.

पुढे जायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि थोडीच. १०० मेगाहर्ट्झ वाढवले की तासभर जोराचे काम देऊन पाहावे, तापमान लिहावे, मगच पुढचे पाऊल. व्होल्टेजला हात शेवटी, शक्यतो नाहीच. बंद पडले तर एक पाऊल मागे यावे. आधी घरातले महत्त्वाचे कागद आणि फोटो दुसरीकडे उतरवून ठेवावेत, कारण डळमळीत वेगावर लिहिलेली फाइल खराब होऊ शकते.

आणि एक उलटी युक्ती आपल्या हवेला जास्त मानवते. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडे थोडे कमी करत जायचे. बऱ्याच ग्राफिक्स कार्डांचा आणि प्रोसेसरांचा वेग त्याने घटत नाही, उष्णता मात्र चांगली उतरते. युरियाची जास्तीची मात्रा कमी केली की पीक काही कमी येत नाही, उलट लोळत नाही, तसेच हे. जास्त देऊन जास्त काढण्यापेक्षा कमी देऊन तेवढेच काढणे हे हुशारीचे काम आहे, आणि यातही तीच तपासणी व तीच वही लागते.

शेवटी एक गोष्ट

गेम म्हणजे जुगार अशी भीती घरात असते. ती अगदीच खोटी नाही, पण दोन्ही एक नव्हेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. पोराला सरळ सांगावे, की खेळ, पण पैसा लावायचा नाही. आणि वेळ ठरवून द्यावी. याच कॉम्प्युटरवर अभियांत्रिकीचे आराखडे होतात, व्हिडिओचे काम होते. बहिणीलाही त्यावर बसण्याची पाळी मिळावी, तो एकट्याचा नव्हे, घराचा आहे.

ज्या दिवशी भाग घरी येतील, त्या दिवशी बापाने तासभर पोराजवळ बसावे. इंजिन खोलताना पोरगा तुमच्याजवळ पाना धरून बसत होता ना? आता पाना त्याच्या हातात आहे. त्याने तापमानाची वही दाखवली की ती पाहावी, आणि तुम्ही त्याला गव्हर्नरचा नियम सांगावा. तुम्हाला माहीत असलेले त्यालाही लागणारच आहे.